कॅमेरा स्वस्त झाला. वग कोण टिपणार?

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात एक आगळा बाजार भरतो. तमाशा फडांच्या राहुट्या ओळीने उभ्या राहतात, प्रत्येक राहुटीपुढे फडाच्या नावाचा फलक लागतो आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे पंच येऊन, कोणता फड कोणत्या तिथीला मोकळा आहे याची चौकशी करून, थोडीबहुत घासाघीस करून सुपारी देतात. चैत्र-वैशाखातील यात्रांचे फडांचे वेळापत्रक बऱ्याच अंशी येथेच ठरते. टोमॅटो आणि द्राक्षांच्या उलाढालीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळेच.

या बाजारात अलीकडे आणखी एक वस्तू सर्रास दिसते. ती म्हणजे कॅमेरा. पंचांच्या खिशातील फोनमध्ये तो आहे, लग्नसराईत कामे घेणाऱ्या स्टुडिओवाल्यांकडे तो आहे आणि महाविद्यालयीन तरुणांच्या हातीही आहे. असे असूनही एखाद्या जिज्ञासूने गणापासून वगाच्या अखेरपर्यंत नीट दिसेल आणि नीट ऐकू येईल असे एखाद्या फडाचे चित्रण मागितले, तर त्याच्या हाती बहुधा तुकडेच लागतात. अर्ध्या मिनिटाची लावणी, बतावणीतील एखादा विनोद, शिट्ट्यांच्या गदारोळात बुडालेला ढोलकीचा तोडा, एवढेच. साधन दारी आले असताना काम का होऊ नये, हा प्रश्न वरवर कलेचा वाटतो. मुळात तो अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तरही खर्चाच्या हिशेबातूनच शोधावे लागेल.

एका रात्रीची तेहतीस रिळे

चित्रपट फिल्मवर घेतला जात होता तेव्हाचा हिशेब प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचे १००० फुटांचे एक रीळ, सेकंदाला २४ चित्रे या गतीने, सुमारे ११ मिनिटे चालते. गण, गवळण, बतावणी आणि वग असा सहा तासांचा तमाशा सलग टिपायचा, तर एका कॅमेऱ्याला अशी ३३ रिळे लागली असती. त्यांवर धुलाई आणि छपाईचा खर्च निराळा. उत्पादनाचे आणखी एक एकक काढण्यास जो जादा खर्च येतो त्याला अर्थशास्त्रात सीमान्त खर्च म्हणतात. फिल्मच्या काळात चित्रणाच्या प्रत्येक जादा मिनिटाचा सीमान्त खर्च इतका भारी होता, की रात्रभर चालणाऱ्या वगाच्या वाट्याला तो कोणी येऊ देणे शक्यच नव्हते.

मराठी चित्रपटाने तमाशातून काय घेतले, हे या हिशेबाच्या उजेडात पाहिले म्हणजे उलगडा होतो. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) किंवा ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांनी तमाशाचे जग शहरी मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढे आणले, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु त्यांत कथा चित्रपटाची होती आणि फडाकडून आली ती मुख्यतः लावणी. तीन-चार मिनिटांत संपणारे गाणे रिळाच्या अर्थकारणात बसत होते. सरदार आणि सोंगाड्या यांची प्रेक्षकांचा कल पाहून लांबत जाणारी जुगलबंदी त्यात बसत नव्हती. ज्याला लिखित संहिता क्वचितच असते आणि जो कलावंतांच्या तोंडीच वाढतो तो वग, म्हणजे तमाशाचा गाभा, अशा रीतीने चित्रणाच्या बाहेर राहिला.

२००८ मध्ये काय घडले?

हा हिशेब २००८ साली बदलू लागला. त्या वर्षी निकॉन कंपनीचा डी-९० हा चलच्चित्रणाची सोय असलेला पहिला डीएसएलआर कॅमेरा बाजारात आला आणि पाठोपाठ कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला. डीएसएलआर म्हणजे भिंगातून आलेले दृश्य आतील आरशावरून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचवणारा स्थिरचित्रणाचा कॅमेरा. चलच्चित्रण करताना तो आरसा वर उचललेला राहतो आणि प्रकाश थेट संवेदकावर पडतो. कॅननच्या त्या कॅमेऱ्याचा संवेदक ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या स्थिरचित्रणाच्या फिल्मच्या चौकटीएवढा होता. त्याआधी सामान्य माणसाला परवडणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचा संवेदक नखाएवढा असे. त्यामुळे अंधुक प्रकाशात चित्र दाणेदार आणि निस्तेज येई. मोठ्या संवेदकाने कमी उजेडातही चेहरा उजळ दिसू लागला आणि भिंगे बदलण्याची मुभा मिळाली. या कॅमेऱ्याची मूळ किंमत अमेरिकेत सुमारे २७०० डॉलर होती. ती थोडी नव्हे, पण चित्रपटाच्या कॅमेऱ्यांच्या तुलनेत नगण्यच.

परिणाम लवकरच दिसला. ‘हाउस’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा २०१० मधील एक भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला. अमोल गुप्ते यांनी ‘स्टॅनली का डब्बा’ (२०११) हा चित्रपट शाळकरी मुलांच्या कार्यशाळांतून, कॅननच्या सेव्हन-डी या त्याहून स्वस्त कॅमेऱ्यावर घेतला. आसामातील रीमा दास यांनी आपल्या छायगाव या खेड्यात, स्वतःच कॅमेरा चालवून आणि स्वतःच संकलन करून ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ (२०१७) केला. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

फाइव्ह-डी मार्क टूमध्ये चार जीबीची एक फाइल साधारण बारा मिनिटांत भरे. म्हणजे तासाला वीस जीबी, आणि सहा तासांच्या तमाशाला १२० जीबी. ज्या साठवणीला फिल्मची ३३ रिळे लागली असती, ती आता बोटाच्या पेराएवढ्या कार्डांवर होते आणि कार्डे पुसून पुन्हा वापरता येतात. चित्रणाच्या जादा मिनिटाचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. शिवाय कंपन्यांनी आता आपला भर आरसाविरहित कॅमेऱ्यांवर दिल्यामुळे जुने डीएसएलआर वापरलेल्या मालाच्या बाजारात आणखी उतरत्या भावाने मिळतात. तालुक्याच्या ठिकाणच्या स्टुडिओत असा एखादा कॅमेरा कपाटात पडून असणे मुळीच नवलाचे नाही.

युक्ती आणि जोडसाधने

कॅमेरा हाती आला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. स्थिरचित्रणासाठी घडवलेल्या या यंत्राकडून चलच्चित्रण करून घ्यायचे, तर त्याला जोडसाधनांची मदत लागते. ती परदेशी बनावटीची आणि महागच असली पाहिजेत असा समज रूढ आहे. महाराष्ट्राचा इतिहास या समजाच्या विरुद्ध साक्ष देतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम घरातच होई आणि सरस्वतीबाई फाळके ते करीत. भांडवल मिळवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली आणि ती पडद्यावर दाखवली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी सहकाऱ्यांसह कॅमेराच स्वतः घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पुढे यंत्रमागांच्या मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) सारखे चित्रपट साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर केले. फिरत्या दृश्यासाठी सायकल आणि उंचावरच्या दृश्यासाठी बैलगाडी ही तेथील जोडसाधने होती. फैझा अहमद खान यांच्या २००८ मधील माहितीपटाने ती जगाला दाखवली.

तमाशा टिपण्यासाठी तर इतकीही करामत नको. कॅमेरा फिरवण्यापेक्षा तो स्थिर ठेवणे येथे अधिक अगत्याचे आहे. दणकट तिपाई हवी. ती नसेल तेथे धान्य भरलेली कापडी पिशवी बाकावर ठेवून तीत कॅमेरा रोवला तरी तो हलत नाही. भिंग उजेड घेणारे हवे. ५० मिलिमीटरचे, १.८ छिद्रमानाचे भिंग हे बहुतेक कंपन्यांच्या यादीतील सर्वांत स्वस्त भिंगांपैकी असते. तरीही कॅमेऱ्यासोबत येणारे नेहमीचे भिंग तेवढ्याच अंतराच्या दृश्यासाठी जितका प्रकाश घेते, त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश ते आत सोडते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने सेकंदाला २५ चित्रे आणि एक-पन्नासांश सेकंदाचे उघडझाप-मान ठेवले, तर रंगमंचावरील दिव्यांची लुकलुक बहुतांशी टळते. या गोष्टींना पैसा लागत नाही, माहिती लागते.

खरी उणीव आवाजाची आहे. डीएसएलआरमधील अंगचा मायक्रोफोन कामचलाऊ असतो. ढोलकी कडाडली की तो आपोआप आवाज दाबतो आणि शांतता झाली की आपोआप वाढवतो. त्यात गाणारीचा हळुवार स्वर आणि तुणतुण्याचा धागा दोन्ही हरवतात. वगाचा जीव शब्दात असतो. ऐकू न येणारा वग टिपला काय आणि न टिपला काय, सारखेच. म्हणून पहिला पैसा खर्चायचा तो स्वतंत्र ध्वनिमुद्रकावर. तळहातात मावणारा असा मुद्रक रंगमंचाजवळ ठेवावा, शक्य तर फडाच्या ध्वनिक्षेपण यंत्रणेतून त्याला एक तार जोडून घ्यावी आणि आरंभी मोठ्याने टाळी वाजवावी. संकलनाच्या वेळी चित्रातील टाळी आणि आवाजातील टाळी जुळवली की दोन्ही सांधले जातात.

आवाज सलग असणे आणखी एका कारणाने गरजेचे आहे, आणि ते कारण मोठे बोधप्रद आहे. पुढील काळातील पुष्कळ डीएसएलआर कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर चित्रण आपोआप थांबवत. यामागे यंत्राची अडचण असेलही, पण मुख्य कारण जकातीचे होते. सलग अर्धा तास वा अधिक चित्रण करणारे यंत्र युरोपीय संघाच्या नियमांत व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा आयातकर बसे. ब्रुसेल्सच्या करवर्गीकरणासाठी जुन्नर तालुक्यातील वगाचा धागा मध्येच तुटावा, असा हा प्रकार. उपाय सोपा आहे. दोन कॅमेरे पाच-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करावेत, म्हणजे एक थांबला तरी दुसरा चालू राहतो. ध्वनिमुद्रक अखंड चालतो, आणि त्याच्या धाग्यात दोन्हींची दृश्ये ओवता येतात.

असा संच प्रत्येकाने विकत घेण्याचे कारण नाही. वर्षातून थोडे दिवस लागणारे अवजार एकेकट्याने घेण्यापेक्षा भाड्याने वा सामायिक वापरावे, हे या भागातील शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. दोन जुने कॅमेरे, दोन भिंगे, दोन तिपाया, एक ध्वनिमुद्रक, जादा बॅटऱ्या आणि कार्डे एवढा संच एखाद्या महाविद्यालयाने, ग्रंथालयाने वा ग्रामपंचायतीने बाळगला आणि तो चालवण्यास दहा-बारा विद्यार्थी तयार केले, तर एका हंगामात अनेक फडांचे वग टिपता येतील. नारायणगावच्या आसमंताला यंत्रे नवी नाहीत. जवळच्या आर्वीला १९७१ साली उपग्रह-संपर्काचे भूकेंद्र उभे राहिले. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या आकाशगंगांचे क्षीण संदेश जेथे टिपले जातात, तेथून हाकेच्या अंतरावर गायला जाणारा वग विरून जावा, हे बरे दिसत नाही.

मुद्रण कोणाच्या मालकीचे?

तथापि साधने जुळली तरी एक प्रश्न उरतो आणि तो टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. चित्रण कोणाचे? आज तमाशाचे जे तुकडे सर्वत्र फिरतात त्यांतून कोणाला ना कोणाला प्राप्ती होते. ज्यांच्या पायांत चाळ असतात त्यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते. कायदा याबाबत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते विस्तारले. कायद्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू आणि गारुडीही येतात. मग ढोलकीवाला आणि सोंगाड्या त्याबाहेर राहण्याचा प्रश्नच नाही. खाजगी उपयोग आणि अध्यापन-संशोधन असे काही अपवाद सोडले, तर सादरीकरण मुद्रित करू देणे वा न देणे हा सादरकर्त्याचा हक्क आहे आणि तो पन्नास वर्षे टिकतो. लेखी कराराने चित्रपटात भाग घेतल्यावर निर्मात्याच्या वापरास त्याला हरकत घेता येत नाही, परंतु व्यापारी उपयोगातील मानधनाचा वाटा त्याला मागता येतो.

म्हणून कॅमेऱ्याआधी एक साधा मराठी करारकागद तयार हवा. त्यात चित्रण कशासाठी, ते कोठे राहील, कोणाला दाखवले जाईल, पैसा आला तर फडमालक आणि कलावंत यांच्यात तो कसा वाटला जाईल, हे चार ओळींत लिहिलेले असावे. केवळ फडमालकाची सही पुरेशी मानू नये. जिला आपले नाच-गाणे टिपले जाऊ नये असे वाटते, त्या कलावंत स्त्रीला नकार देण्याची मोकळीक असावी. कॅमेरा कोठून आणि कशाकडे रोखला जातो, यावरही तिची प्रतिष्ठा अवलंबून असते. त्याचा विसर पडलेली दृश्ये आज थोडी नाहीत.

फडमालकांचा एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. संपूर्ण वग घरबसल्या फुकट दिसू लागला, तर सुपारी कोण देईल? ही भीती निराधार नाही. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि फोन या तिघांनीही तमाशाचा प्रेक्षक टप्प्याटप्प्याने ओढला आहे. परंतु टिपणे आणि प्रसिद्ध करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. चित्रणाची प्रत फडाकडे राहावी, दुसरी एखाद्या संग्रहात बंद राहावी आणि ती केव्हा खुली करायची याचा निर्णय फडाने करावा, अशी व्यवस्था सहज शक्य आहे. आज जे तुकडे फुकट वाटले जातात त्यांवर फडाचा कोणताच ताबा नाही. पूर्ण चित्रण हाती असलेल्या फडाकडे निदान सौदा करण्याजोगी वस्तू तरी असेल.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. वग रोज बदलतो, त्याला कॅमेऱ्यात गोठवणे म्हणजे मारणे, असे ते म्हणतील. त्याचे उत्तर असे की एकच वग दोन गावी, दोन हंगामांत टिपावा. फिल्मच्या दरात ही चैन होती. आताच्या दरात ती सहज परवडते, आणि वग कसा बदलतो हेच त्यातून प्रथम दिसेल.

टिपलेले टिकवणे हे शेवटचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच उपलब्ध आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पण जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा अमोल ठेवा जळाला. हार्ड डिस्क जळत नसली तरी एके सकाळी निमूट बंद पडते. तेव्हा तीन प्रती आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा नियम मानावाच लागेल. त्याबरोबर वगाचे नाव, कलावंतांची नावे, गाव आणि तिथी लिहिलेला कागद हवा. नावाविना फाइल म्हणजे पत्त्याविना पत्र.

घाई कशासाठी, असे कोणी विचारील. २०२० चा पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. यात्रा रद्द झाल्या, फड बसले. पुढील वर्षीही पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी राज्यात निर्बंध लागू झाले. फड बसतो तेव्हा केवळ रोजगार जात नाही; ज्यांच्या स्मरणात वग असतात ती माणसे पांगतात आणि वयस्क कलावंत रंगमंचावर परततातच असे नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते. हा मान उचितच आहे. परंतु २००२ साली त्या गेल्या तेव्हा आजचे साधन सामान्यांच्या हाती नव्हते, ही सबब त्या पिढीला होती. आजच्या पिढीला ती नाही.

येत्या पाडव्याला नारायणगावात राहुट्या पुन्हा उभ्या राहतील. यात्रा कमिट्या सुपारीचा आकडा ठरवतील, इसार देतील, तिथी पक्की करतील. त्याच कागदावर चित्रणाची एक अट आणि कलावंतांच्या वाट्याची एक ओळ वाढवण्यास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. जवळच्या महाविद्यालयातील चार विद्यार्थी, स्टुडिओतील दोन जुने कॅमेरे आणि फडातील जाणत्यांची संमती एवढे भांडवल पहिल्या वगाला पुरेल.